एक ओळ कमी झाली त्याची गोष्ट

दिवाळीचा फराळ संपत आला की नारायण पेठेतल्या आमच्या करसल्ल्याच्या ऑफिसात एक काकू येतात. वय पंच्याहत्तरच्या पुढं. रास्ता पेठेतून बसनं येतात, जिना चढून झाला की आधी पाणी मागतात आणि मग साडीच्या दुकानाची जुनी कापडी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी करतात. पासबुक, आधार कार्ड, बँकेनं व्याजातून कापलेल्या कराचं, म्हणजे टीडीएसचं सर्टिफिकेट, मधेच घुसलेलं विजेचं बिल, आणि सगळ्यांत खाली चकलीचा डबा. डबा माझ्यासाठी. बाकीचं मी लावून घ्यायचं.

काकूंना पेन्शन नाही. काका गेले तेव्हा जे मिळालं ते त्यांनी मुदत ठेवीत टाकलं आणि त्या व्याजावर त्यांचं घर चालतं. गेल्या खेपेला वर्षाचं व्याज होतं ६२,४०० रुपये. यावर त्यांना एक रुपयाही कर लागत नाही. पण 'माझा कर कापू नका' असं सांगणारा १५ एचचा फॉर्म एप्रिलमध्ये बँकेत द्यावा लागायचा, आणि एप्रिलमध्ये काकू नाशिकला मुलीकडे असतात. फॉर्म राहायचा, आणि मार्च २०२५ पर्यंतच्या नियमानं बँक दहा टक्के कापायची. ६,२४० रुपये. ते परत मिळवायचे तर रिटर्न भरायला हवं. रिटर्नची मुदत जुलैअखेर संपलेली असते, कारण ते सर्टिफिकेट काकूंच्या हाती पडून, वाचून, 'हे काय आहे गं' असं कुणाला तरी विचारून होईपर्यंत पावसाळा संपतो. तरी ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असल्यानं त्यांना दंडही पडत नाही. महिन्या-दोन महिन्यांत पैसे खात्यात येतात. सहा हजार म्हणजे काकूंचा सव्वा महिन्याचा किराणा आणि औषधं. मला हा आकडा तोंडपाठ आहे, कारण त्यांनीच एकदा बोटांवर मोजून दाखवला होता.

हे सगळं इतक्या बारकाईनं सांगायचं कारण म्हणजे १३ फेब्रुवारी २०२५ ला लोकसभेत नवं प्राप्तिकर विधेयक मांडलं गेलं. १९६१ च्या कायद्याची ८१९ कलमं जाऊन ५३६ होणार होती. सत्तावीस वर्षं जुन्या कायद्याच्या कलमांत घर करून राहिलेल्या माझ्यासारखीला ते विधेयक वाचणं म्हणजे आपल्याच घरातलं सामान दुसऱ्यानं लावलेलं पाहणं होतं. ६२२ पानं. रात्री जेवण झाल्यावर दहा-दहा, वीस-वीस पानं वाचत होते. रिटर्न कोणी भरायचं, हे सांगणाऱ्या २६३ व्या कलमाशी आले आणि थांबले. ज्याला परतावा मागायचा आहे त्यानं मुदतीच्या आत रिटर्न भरलं पाहिजे, अशी एक ओळ तिथं होती. उशिराचं रिटर्न भरायची सोय होतीच, पण त्यातून परतावा मागायचा रस्ता या ओळीनं बंद होत होता.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग उठून काकूंची फाइल काढली. काही कारण नव्हतं, काकू तेव्हा येणारही नव्हत्या. पण समोर फाइल असल्याशिवाय मला कलम कळत नाही, ही वडिलांची शिकवण.

ज्यानं ती ओळ लिहिली त्याच्या मनात काकूंचं वाईट करायचं असेल, असं मला मुळीच वाटत नाही. दिल्लीत बसून ५३६ कलमं लिहिणाऱ्या माणसाला रास्ता पेठेतली पिशवी दिसत नाही, इतकंच. प्रश्न असा, की ती त्याला दाखवायची कुणी आणि कुठं?

*

सुदैवानं हे विधेयक सरळ मतदानाला गेलं नाही. ते लोकसभेच्या प्रवर समितीकडे गेलं. ३१ खासदार, अध्यक्ष बैजयंत पांडा.

पुण्यात 'स्थायी समिती' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे महापालिका येते, टेंडर येतात, अंदाजपत्रक येतं. संसदेच्या समित्या वेगळ्या. १९९३ साली खात्यांनुसार १७ स्थायी समित्या नेमल्या गेल्या आणि २००४ मध्ये त्या २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. एखाद्या खास विधेयकासाठी वेगळी समिती नेमली तर ती प्रवर समिती, आणि दोन्ही सभागृहांची मिळून नेमली तर संयुक्त. बंद दाराआड बैठका होतात. कॅमेरा नाही, पक्षादेश नाही. अधिकाऱ्यांना बोलावून विचारता येतं, जाणकारांना बोलावता येतं, आणि लोकांकडून लेखी सूचना मागवता येतात.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. कायदा होण्याच्या अख्ख्या प्रवासात मतदाराला 'तुला काय वाटतं' असं संसदेकडून विचारलं जाण्याची बहुधा ही एकच जागा आहे. मतदान पाच वर्षांतून एकदा, आणि त्यात आपण माणूस निवडतो. कलमावर मत द्यायला दुसरीकडे कुठं जागा नाही.

मी दोन सूचना लिहिल्या. एक या ओळीबद्दल. काकूंचं नाव न घालता त्यांचा सगळा हिशेब मांडला: व्याज इतकं, कापलेला कर इतका, कर लागू शून्य, उशिराचं कारण हे. दुसरी, झडतीच्या वेळी अधिकाऱ्यांना माणसाच्या ई-मेल आणि समाजमाध्यमांच्या खात्यांत शिरण्याचा अधिकार देणाऱ्या कलमाबद्दल. टाइप करून देणारा माझा मदतनीस तेवीस वर्षांचा आहे. त्यानं मान वर न करता विचारलं, "मॅडम, हे वाचतं का कुणी?"

मी म्हटलं, "वाचत असावेत." तेव्हा याहून जास्त खात्री मला नव्हती.

*

२१ जुलैला समितीचा अहवाल पटलावर ठेवला गेला. साडेचार हजारांहून जास्त पानं, २८५ शिफारशी. मी कलमाचा आकडा टाकून शोधलं. उशिरा रिटर्न भरणाऱ्याचा परतावा अडवणारी ती ओळ काढून टाकावी, अशी समितीची शिफारस होती.

माझ्यासारखं देशभरातून शेकडो लोकांनी हेच कळवलं असणार, संघटनांनी कळवलं असणार, वर्तमानपत्रांतही यावर लिहून आलं होतं. माझ्या पत्रानं ती ओळ गेली असं मी म्हणत नाही. पण ती गेली हे खरं. दुपारचे चार वाजले होते. मी मदतनिसाला बोलावून पडद्यावरचा तो परिच्छेद वाचायला लावला. त्यानं दोनदा वाचला आणि स्वतःच्या फोनवर त्याचा फोटो काढून घेतला.

माझी दुसरी सूचना मान्य झाली नाही. ते कलम राहिलं. मला ते आजही पटलेलं नाही आणि त्याबद्दल मी लिहीत राहीन. पण निदान कुठं आणि कसं नाकारलं गेलं, हे मी वाचू शकते. विरोधी मतं नोंदवलेल्या सदस्यांच्या टिपणीही त्याच अहवालात आहेत.

आणखी एक बारीकशी गोष्ट. रिकाम्या घराच्या भाड्याचं अंदाजी उत्पन्न धरण्याच्या कलमात 'सर्वसामान्यपणे' अशा अर्थाचे शब्द नव्यानं आले होते. वाघोली-हिंजवडीत ज्यांच्या मुलांनी अमेरिकेत जाताना फ्लॅट घेऊन ठेवलेत अशा आई-वडिलांच्या फायली माझ्याकडे ढिगानं आहेत. 'सर्वसामान्यपणे' म्हणजे काय, यावर दहा वर्षं अपिलं चालली असती. समितीनं ते शब्द काढायला सांगितले. ही कामं बातमीत येत नाहीत. मात्र ज्याला पुढं नोटीस येणार होती आणि आता येणार नाही, त्याच्या आयुष्यातली दोन-चार वर्षं अशा शब्दांत अडकलेली असतात.

सरकारनं ८ ऑगस्टला जुनं विधेयक मागं घेतलं, बहुतेक शिफारशी घालून ११ ऑगस्टला नवं मांडलं, आणि त्याच दिवशी लोकसभेनं ते मंजूर केलं. बिहारच्या मतदार याद्यांवरून घोषणा चालू होत्या. चर्चा झाली नाही. काही मिनिटांत आवाजी मतदान. दुसऱ्या दिवशी राज्यसभा.

मी ते थेट प्रक्षेपण ऑफिसात पाहत होते. सभागृहात जे दिसलं ते पाहून वाईट वाटलं. पण मनात येत राहिलं, की विचार करायचं काम आधीच पाच महिने बंद खोलीत झालं होतं म्हणून आज हे निभावलं. ते झालं नसतं तर याच काही मिनिटांत ती ओळ कायदा झाली असती.

*

अधिवेशन संपलं की बातमी येते: इतकी विधेयकं मंजूर, सभागृहाची उत्पादकता इतके टक्के. कधी कधी शंभराच्या वर. घड्याळ लावून मोजलेला तो आकडा. समित्यांबद्दलही लोक त्याच हिशेबानं विचारतात, की समितीकडे गेलेली किती विधेयकं पास झाली, किती वेळात झाली, मग उपयोग काय? माझ्या धंद्यात याला एक साधं उत्तर आहे. हिशेब तपासनिसानं किती ताळेबंदांवर सह्या केल्या यावरून त्याची किंमत ठरत नाही. सही करण्याआधी त्याच्या नजरेनं काय पकडलं, ते पाहतात. न सापडलेल्या चुकीची नोंद कुठल्याच वहीत होत नसते, आणि दुरुस्त झालेली चूक नंतर दिसत नाही. समितीचं काम या दुसऱ्या जातीचं आहे.

पण आकडे टाळून चालणार नाही. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था वर्षानुवर्षं हे मोजते. चौदाव्या लोकसभेत ६० टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के. सोळाव्या लोकसभेत हे प्रमाण पावभागावर आलं आणि सतराव्या लोकसभेत, म्हणजे २०१९ ते २०२४ मध्ये, १६ टक्क्यांवर. त्याच सतराव्या लोकसभेत ५८ टक्के विधेयकं मांडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत मंजूर झाली. कागदावर ही गती फार देखणी दिसते.

ती गती कशी असते ते माझ्या टेबलावरून सांगते. वित्त विधेयक कधीच समितीकडे जात नाही, अर्थसंकल्पाबरोबर मांडलं जातं आणि त्याच अधिवेशनात संपतं. २४ मार्च २०२३ ला लोकसभेनं वित्त विधेयक गदारोळात, चर्चेविना मंजूर केलं, ६४ सरकारी दुरुस्त्यांसकट. डेट म्युच्युअल फंडावरची, म्हणजे रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडांवरची, महागाई निर्देशांकाची करसवलत काढून घेणारी तरतूद मूळ विधेयकात नव्हती, ती या दुरुस्त्यांतून आली. लागू १ एप्रिलपासून. म्हणजे मध्ये एक आठवडा. त्या आठवड्यात माझा फोन खाली ठेवता येत नव्हता. निवृत्त प्राध्यापक, बँकेतून बाहेर पडलेली माणसं, मुलीच्या लग्नासाठी पैसे बाजूला ठेवलेले लोक. निर्णय कदाचित बरोबरही असेल, त्यावर वाद होऊ शकतो. मात्र तो वाद करायला कुणालाही, अगदी खासदारांनाही, एक दिवस मिळाला नाही. त्याच विधेयकात लघुउद्योगांची बिलं मुदतीत (लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५) चुकवली नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही, अशी तरतूद होती. हेतू चांगला. पुढच्या मार्चमध्ये लक्ष्मी रोडवरचे कापड दुकानदार माझ्यासमोर बसून विचारत होते, की ज्याच्याशी वीस वर्षं तोंडी उधारी चालते त्याच्याशी आता लेखी करार करू का, की त्याचा मालच परत पाठवू? एखाद्या समितीनं दोन व्यापारी आणि दोन कारखानदार समोर बसवून विचारलं असतं, तर हा प्रश्न तिथंच निघाला असता.

*

समित्यांची बाजू घेताना मला माझ्या वडिलांची आठवण टाळता येत नाही, आणि ती आठवण सुखाची नाही.

हे ऑफिस त्यांचं. ऑगस्ट २०१० मध्ये १९६१ च्या कायद्याची जागा घेऊ पाहणारं प्रत्यक्ष कर संहितेचं विधेयक मांडलं गेलं तेव्हा ते सत्तरीत होते. मी म्हणत होते, आता कशाला त्रास घेता. त्यांनी विधेयकाची प्रत बांधून घेतली, लाल आणि हिरव्या पेन्सिलीनं खुणा करत वाचली, व्याख्यानांना गेले, समितीला निवेदन पाठवलं. यशवंत सिन्हांच्या अध्यक्षतेखालच्या वित्तविषयक स्थायी समितीनं मार्च २०१२ मध्ये अहवाल दिला. चांगला, कसून केलेला अहवाल होता तो. वडिलांनी तोही वाचला. पुढं ते विधेयक मंजुरीपर्यंत गेलंच नाही. वडील २०१३ मध्ये गेले आणि पंधरावी लोकसभा विसर्जित झाली तसं २०१४ मध्ये ते विधेयकही व्यपगत झालं, म्हणजे आपोआप रद्द झालं. ती बांधलेली प्रत माझ्या मागच्या कपाटात आहे. हिरव्या खुणा म्हणजे 'चांगलं', लाल म्हणजे 'गरिबाला जड'.

म्हणून समित्यांच्या मर्यादा मला पुस्तकातून शिकाव्या लागल्या नाहीत. त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. स्थायी समितीची मुदत एक वर्षाची, विषय कळू लागतो तोवर सदस्य बदलतो. बैठकांना हजेरी सरासरी निम्म्याच्या आसपास. हे मला सगळ्यांत जास्त लागतं. ३१ पैकी पंधरा-सोळा माणसं एखादं कलम तपासत असतील, तर ज्याच्या भागात त्या कलमाची झळ पोचणार आहे तो खासदार नेमका त्या दिवशी गैरहजर असू शकतो. आपण मतं मागायला आलेल्या उमेदवाराला रस्त्याचं विचारतो, पाण्याचं विचारतो. तुम्ही कुठल्या समितीवर होतात आणि किती बैठकांना गेलात, हे मी आजवर पुण्यातल्या एकाही सभेत कुणी विचारलेलं ऐकलं नाही. मीही विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी विचारणार आहे.

*

सकाळी फिरायला मी बीएमसीसी रस्त्यानं जाते. गोखले इन्स्टिट्यूटच्या आवारातली झाडं, आत भारत सेवक समाज. करसल्लागाराच्या घरात नामदार गोखल्यांना विशेष मान असतो. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातलं १९०२ सालचं त्यांचं अर्थसंकल्पावरचं पहिलं भाषण वडिलांच्या बोलण्यात सारखं असे. तेव्हा सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलता येई, मत देता येत नसे. तरी गोखले दरवर्षी आकडे घेऊन उभे राहत. मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला.

पण या वर्षभरात मला आठवत राहिले ते १९१२ चे गोखले. सहा ते दहा वयाच्या मुलांना सक्तीचं प्राथमिक शिक्षण मिळावं, म्हणून त्यांनी १९११ मध्ये विधेयक मांडलं होतं. मार्च १९१२ मध्ये ते कलकत्त्याच्या त्या सभागृहात उभे राहिले. मागणं काय होतं? विधेयक मंजूर करा, असं ते त्या दिवशी म्हणत नव्हते. ते प्रवर समितीकडे पाठवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बसून कलमं पाहा, खर्च पाहा, दुरुस्त्या करा. ते विधेयक दिवस मावळायच्या आत फेटाळलं जाणार हे ठाऊक असल्याचं त्यांनी बोलून दाखवलं. आपल्या पिढीला देशाची सेवा अपयशातूनच करावी लागणार आहे आणि यशातून सेवा करणारे मागून येतील, असंही म्हणाले. मतदान झालं. बाजूनं १३, विरुद्ध ३८. तीन वर्षांनी गोखले गेले.

बालकांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये झाला. ते विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं आणि फेब्रुवारीत समितीनं अहवाल दिला. गोखल्यांना जे नाकारलं गेलं ते या विधेयकाला दोन महिन्यांत मिळालं. मध्ये सत्त्याण्णव वर्षं होती. त्या आवाराजवळून जाताना माझी पावलं हल्ली आपोआप सावकाश पडतात.

*

२०२५ च्या दिवाळीनंतर काकू आल्या. पाणी, पिशवी, डबा. नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून, त्यामुळं त्या वर्षीचं रिटर्न जुन्याच कायद्यानं भरायचं होतं. तरी मी त्यांना सगळं सांगितलं. अशी अशी एक ओळ येणार होती, समितीनं ती काढायला लावली, पुढं कधी पैसे कापले गेलेच, तर उशिरा भरूनही ते परत मागता येतील.

काकूंनी चष्मा काढून पुसला. "माझ्याबद्दल दिल्लीत बोलले म्हणजे?"

"तुमच्यासारख्यांबद्दल."

"कोण होते गं?"

मी एकतीस नावांची यादी छापून ठेवली होती. काकूंनी ती सावकाश, बोट फिरवत, एकेक नाव मोठ्यानं वाचत पूर्ण केली. मग घडी घालून पासबुकात ठेवली आणि म्हणाल्या, "बरं, पुढच्या एप्रिलला मला नाशिकला फोन कर. तो पंधरा एच काय तो या खेपेला मी आधीच देते."